वरच्या मजल्यावर आई, तळमजल्यावर घोडा

चपात्या लाटता लाटता इसाकमामू आईला वरच्या मजल्यावर ठेवायचे आणि घोड्याला तळमजल्यावर.

"मा!" असं ते उंच, बारीक, सरळ सुरात म्हणायचे आणि लाटणं छताकडे न्यायचे. "ही आई." मग आवाज विहिरीत सोडून हळूच वर ओढल्यासारखा काढायचे, "मा! हा घोडा." पुन्हा खाली, सपाट, दाबून, "मा! ह्या शिव्या." शब्द एकच. बिल्डिंग एकच. मजले सहा. "चुकीच्या मजल्यावर कडी वाजवलीस तर आईच्या जागी घोडा दार उघडतो. लिहून ठेव, बीए!"

बीए म्हणजे मी. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वडील दाभोळच्या बंदरात ओझी वाहायचे. शाळेतले गुरुजी स्वतः घरी येऊन "याला शिकू द्या" म्हणाले, म्हणून मी शिकलो. नाहीतर माझ्याही खांद्यावर पोतंच असतं. पदवी मिळाली आणि पन्नासचं दशक संपता संपता एका जहाज-एजंटाच्या कचेरीत कारकून म्हणून मी दोहाला आलो. मेसमधल्या मंडळींना माझ्या नावापेक्षा पदवीचं कौतुक जास्त. त्यामुळे सगळ्यांच्या तोंडी बीएच.

तेव्हाचं दोहा म्हणजे बाजार, बंदराचा धक्का आणि वाळू. आज अल सद्दला फ्लॅट आणि दुकानं दिसतात, तिकडे आम्ही कधी पाऊलही टाकलं नव्हतं. जाऊन बघणार काय? कंपनीची मेस बाजाराच्या मागच्या गल्लीत होती. बहुतेक सगळे रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यातले मुसलमान, आणि सगळ्यांचं पोट इसाकमामूंच्या हातात. मामू दापोलीकडचे. आयुष्यभर बोटीवर भंडारी होते, म्हणजे खलाशांचे आचारी. सगळी बंदरं पालथी घातलेली. पण त्यांच्या तोंडी बंदर एकच, हाँगकाँग. आणि भाषा एकच, तिथली चिनी बोली, कँटनी.

"दुनियेत दोनच ठिकाणच्या लोकांना जेवायला कळतं," मामू म्हणायचे. "एक आपण, दुसरे ते. आपली पेज, तेच त्यांचं चोक. आपला चा, त्यांचापण चा, फक्त जरा हवा सोडून बोलायचा, छा! तुम्ही आईच्या पोटातून कँटनी बोलत आलायत आणि तुम्हाला पत्ता नाय."

एवढ्यावर थांबले असते तर ठीक होतं. पण मामू हामूरसुद्धा कँटनी करायचे. हामूर म्हणजे इकडचा मोठा, गुबगुबीत मासा. आम्ही दिवसभर उन्हात भाजून कोकम घातलेल्या, नारळ वाटलेल्या लालभडक कालवणाची स्वप्नं बघत यायचो, आणि टेबलावर अख्खा पांढरा मासा डोळे उघडे ठेवून आमच्याकडे बघत असायचा. वाफवलेला. अंगावर आल्याच्या चार काड्या आणि कढत तेल.

"मामू, ह्याला आजारी माणसाचं जेवण म्हणतात," गफूरभाई ओरडायचे.

"मासा एकदा मेलाय. त्याला मसाल्यात परत कशाला मारू?" मामू म्हणायचे. "आवडत नसेल तर लोणचं घे. मी नाय बदलणार."

गफूरभाई महाडचे. गोदीतल्या मालाची मोजदाद करायचं काम त्यांच्याकडे, आणि मेसमध्ये वयाचा व आवाजाचा मान. त्यांचा आणि मामूंचा झगडा नवरा-बायकोच्या झगड्यासारखा होता, रोजचा आणि चवीचा. एकदा आमच्या इंग्रज मॅनेजरनं मेसची पाहणी करताना ताट चाटूनपुसून संपवलं. मामूंनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "ग्वाय!" साहेब चमकला. "म्हणजे काय?" त्यानं मला विचारलं. मला काय माहीत? मी मामूंकडे पाहिलं. "शाबास," मामू म्हणाले. मी त्याचं इंग्रजी केलं, साहेब खूष. तेव्हापासून मामूंची ग्वाय सगळ्यांवर बरसायची. ताट धुतलं, ग्वाय. नमाजला वेळेवर उठलं, ग्वाय. गफूरभाईंनी एकदा चुकून वाफवलेला मासा दुसऱ्यांदा मागितला, तर मामूंनी दोन्ही हातांनी त्यांचे गाल धरले आणि ग्वाय म्हणून घेतलं. गफूरभाई आठवडाभर धुमसत होते.

ही भाषा शिकलात कुठे, असं विचारलं की मामू तीच हकिगत सांगायचे. लढाई संपल्यानंतरची गोष्ट. बोट हाँगकाँगला लागली आणि मामूंना निमोनियानं धरलं. बोट त्यांना इस्पितळात सोडून निघून गेली. बरे झाल्यावर दुसरी बोट मिळेपर्यंत बंदराजवळच्या एका घरात त्यांची राहायची सोय झाली. घरातली बाई रस्त्याच्या कडेला पेजेची गाडी लावायची. मामूंनी पहिली पेज आजारी म्हणून खाल्ली, दुसरी आवडली म्हणून, आणि मग पदर खोचल्यासारखी लुंगी खोचून तिच्या गाडीवर आलं चिरायला उभे राहिले. बोटी येत होत्या, जात होत्या. मामू कुठल्याच बोटीवर चढेनात. शेवटी गावाकडून सांगावा आला, तेव्हा निघाले.

इथं गफूरभाई टेबलावर बोटं वाजवायचे. "भाषा-बिषा काय नाय रे. बाई. मामू त्या बाईत अडकले होते."

"तोंड सांभाळ, गफूर! ती मला भाऊ म्हणायची."

"कुठल्या मजल्यावरनं म्हणायची?"

सगळी मेस हसायची. मामू उलथनं आपटून आत जायचे.

एका शुक्रवारी मात्र गंमत हाताबाहेर गेली. बिर्याणीची आशा होती आणि टेबलावर आली पेज. गफूरभाई चिडले. म्हणाले, "मामू, मला तर वाटतं तुझी ही भाषाच नाय. तूच बनवलीस. इथं कोण चिनी हाय तपासायला? मीपण उद्यापासनं जपानी बोलतो. हाका, हुका, टाका. ठरव खोटं!"

यावर कुणी हसलं नाही, कारण मामूंचा चेहरा पाहिला. त्यांना शिव्या चालायच्या. मासा परत गेला तरी चालायचं. बाईवरनं चिडवलेलंसुद्धा ते एका उलथन्यावर भागवायचे. पण बनवलेली म्हटल्यावर त्यांनी हातातला डाव पेजेच्या पातेल्यात टाकून दिला.

"ऐक, गफूर. सगळे ऐका. हाँगकाँगच्या खलाशांची बोट इथं लागेल त्या दिवशी मला घेऊन चला. त्यांना माझं बोलणं नाय समजलं, तर ह्या मेसमध्ये परत एक कँटनी शब्द काढणार नाय. मनातसुद्धा नाय."

"आणि हामूर?"

"हामूर लाल करीन. तुझ्या डोळ्यांसारखा."

"खलास," गफूरभाई म्हणाले आणि हात पुढे केला. मामूंनी तो दाबला नाही, आपटला.

त्या काळी दोहाच्या धक्क्याला मोठी बोट लागत नसे, पाणी उथळ. बोटी दूर नांगर टाकून उभ्या राहायच्या आणि माल होड्यांतून यायचा. कचेरीतले कागद घेऊन लाँचमधून बोटीवर जायचं काम माझं. थंडी सुरू होताना तांदूळ घेऊन एक बोट आली, आणि कागदांवरची खलाशांची नावं मी दोनदा वाचली. सगळी चिनी. त्यांच्या भरतीचं बंदर, हाँगकाँग.

मी मेसमध्ये सांगितलं तेव्हा मामू कांदा चिरत होते. त्यांनी सुरी खाली ठेवली, हात धुतले आणि पेटीतून ईदचा सदरा काढला.

दुसऱ्या दिवशी लाँचमध्ये आम्ही तिघं. गफूरभाई मालाच्या मोजदादीसाठी येणारच होते, पण त्यांनी अत्तर लावलं होतं ते मोजदादीसाठी नव्हे. मामू टोकाला बसले होते. ओठ हलत होते, आवाज नव्हता. हात मात्र मांडीवर मजले चढत-उतरत होता. मला एकदम भीती वाटली. भाषा खोटी असेल असं मला कधीच वाटलं नव्हतं. पण इतकी वर्षं कुणी उत्तर न देता बोललेली भाषा आतल्या आत कशी झाली असेल, कुणाला ठाऊक?

"मामू, नसेल जायचं तर परत फिरू," मी हळूच म्हणालो.

"कोणाच्या बापाला घाबरतो काय?" मामू म्हणाले आणि शिडी धरून माझ्याआधी वर चढले.

मागच्या डेकवर पाच-सहा खलाशी पत्ते खेळत बसले होते. एक जाडजूड मुकादम, दोन्ही दंडांवर गोंदलेले साप. मामू त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले, सदऱ्याची घडी नीट केली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "सिक् चो फान्-फान् मेय् आ?"

पत्ते थांबले. सगळ्यांनी वर पाहिलं. आणि मग जो हशा फुटला तसा मी आयुष्यात ऐकला नाही. एकजण मागे कोसळला. सापवाला मुकादम डोळे पुसत होता.

"बघ बीए," गफूरभाई म्हणाले. "खलास! नाय समजली."

मामू थांबले नाहीत. आवाज आणखी चढवला, आणखी काहीतरी विचारलं. आणखी हशा. मामूंनी छाती काढली आणि तिसरं वाक्य टाकलं, मुकादमाकडे बोट दाखवून, शेवटी "ग्वाय!" मुकादमानं पत्ते हवेत उडवले.

कप्तानाचा एक चिनी स्टुअर्ड बाजूला उभा होता, त्याला इंग्रजी येत होतं. मी त्याला गाठलं. "हा माणूस काय बोलतोय? भाषा खरी आहे का?"

"खरी?" तो हसू आवरत म्हणाला. "आवाज अगदी बरोबर. डोळे मिटले तर परका वाटणार नाही. पण साहेब, हा तीन वर्षांच्या मुलासारखा बोलतो! आम्हाला विचारतोय, मम्मं केलं का? मग म्हणाला, बोट-बोट मोठी-मोठी. आणि आमच्या मुकादमाला म्हणाला, शहाणं ग माझं बाळ."

मी ते गफूरभाईंना सांगितलं. ते हसायला म्हणून तोंड उघडून तसेच राहिले. बहुधा स्वतःचे गाल आठवले असावेत. मग आमच्या साहेबाची पाठ आठवून मीच हसलो.

पेजेवाल्या बाईची गोष्ट मी स्टुअर्डला सांगितली. "असलं बोलणं बाईकडून येत नाही," तो म्हणाला. "हे घरात लहान पोर असेल तरच येतं. त्याला सांगा, मोठ्या माणसांचे शब्द मी शिकवतो. बोट दोन दिवस इथेच आहे."

मी मामूंजवळ जाऊन, त्यांना वाईट वाटू नये अशा बेतानं सगळं सांगितलं.

"मला म्हायत हाय," ते म्हणाले.

"माहीत आहे?"

"बाई दिवसभर गिऱ्हाइकांशी भांडायची, ते मोठ्यांचं बोलणं मी काय ऐकलं नाय? समजतं मला सगळं. पण बोलायला घेतलं नाय." ते गफूरभाईंना ऐकू जाईल अशा आवाजात बोलत होते. "तिची पोरगी तेव्हा नुकती बोलायला लागलेली. गाडीखाली बसायची. एक शब्द ती शिकायची, एक मी. माझी पोरगी सकीना बोलायला लागली तेव्हा मी बोटीवर होतो, गफूर. घरी पोचलो तर दारात उभी. मला विचारते, 'तुम्ही किती दिवस राहणार?' सगळं वाक्य तयार. कुठं अडकत नाय, कुठं बोबडं नाय. मोठ्यांशी बोलायला माझ्याकडे हिंदी हाय, अरबी हाय. ही भाषा मी मोठी नाय करणार. त्या शिकवणाऱ्याला सांग, नको, शुक्रन."

गफूरभाई कठड्याकडे तोंड करून उभे राहिले.

इतक्यात भटारखान्याच्या दारातून एक म्हातारा बाहेर आला. बोटीचा आचारी. कमरेला ओलं फडकं, अंगाला आल्याचा वास. हशा ऐकून आला असेल. त्यानं हसणाऱ्यांना काहीतरी दटावलं आणि ते गप्प झाले. मग मामूंसमोर उकिडवा बसला, मान तिरकी करून त्यांच्याकडे पाहिलं, आणि दोन्ही तळवे गालाखाली घेऊन बारीक आवाजात म्हणाला, "गाऊ-गाऊ?"

हे मला कुणी सांगावं लागलं नाही. आमच्याकडेही लेकरं गाई-गाईच करतात.

मामूसुद्धा खाली बसले. ईदच्या सदऱ्यासकट, त्या तेलकट डेकवर. त्यांनी मान हलवली, झोपायचं नाही म्हणून. आचाऱ्यानं डोळे वटारले. मामूंनी गाल फुगवले. मग दोघांचं जे सुरू झालं ते मी सांगू शकणार नाही; जहाजाच्या शिट्टीचा आवाज होता, बदकाचा होता, कुठल्यातरी गाडीचा होता. दोघांची डोकी पांढरी, हात भाजल्याच्या डागांनी भरलेले, आणि तोंडी दोन-दोन अक्षरांचे शब्द. खलाशांनी पत्ते पुन्हा उचलले नाहीत.

खालून लाँचवाला निघायची घाई करत ओरडला, "यल्ला! यल्ला!" माझे कागद झाले होते, गफूरभाईंची मोजदादही. वारा सुटायला लागला होता.

गफूरभाई कठड्यावरून वाकले. "यल्ला-बिल्ला काय नाय!" ते खाली गरजले. "मोजदाद चुकलीय. परत करतोय. थांब तू!"

आणि हातातले कागद उलटे धरून पुन्हा पहिल्या पानापासून बघायला लागले.

तिकडे आचाऱ्यानं हात स्वतःच्या छातीइतका उंच धरून दाखवला. त्याचं पोर आता एवढं झालं असावं. मग त्यानं हनुवटीनं मामूंना विचारलं, तुझं?

मामूंनी हात डेकपासून गुडघ्याएवढा वर धरला. आचारी बघत राहिला. इतक्या वर्षांत गाडीखालची ती पोरगी केवढी झाली असेल, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं, त्यांनाही. पण हात काही त्यांनी वर नेला नाही.