पाटलांच्या गोऱ्याचं दावं

तुळशीराम पाटलांनी पहिल्या भेटीत माझे खांदे पाहिले, मग पाय पाहिले आणि म्हणाले, "तोंड उघडा बरं, मास्तर." मी अमरावतीच्या शाळेवर पुण्याहून नुकताच आलो होतो आणि त्यांच्या शेजारची खोली भाड्यानं घेतली होती. मला वाटलं, वऱ्हाडात नव्या माणसाची विचारपूस अशीच करत असतील. मी निमूट तोंड उघडलं. पाटलांनी आतले दात मोजले आणि शेरा मारला, "जुळलेला हाय. पन चाल नाई."

पुढे कळलं की बैलाचं वय दातांवरून ठरतं, आणि सगळे दात आले की तो जुळला म्हणतात. पाटलांना या जगात बैल सोडून दुसरं माप ठाऊक नव्हतं. पेठेत लग्न ठरलं की ते नवरदेवाला "किती दाती?" म्हणून विचारत. आमचे हेडमास्तर त्यांच्या मते वशिंड नसलेले होते. मामलेदारांविषयी ते फक्त एवढंच म्हणत, की हे जनावर बसकं आहे, उतारावर गाडीला जुंपू नये.

ते दिवसच वेडे होते. सातासमुद्रापलीकडे कुठेतरी लढाई जुंपली आणि आमच्याकडचा कापूस सोन्याच्या मोलाचा झाला. ज्यांच्या गाडीच्या आसाला वंगण मिळत नव्हतं त्यांच्या बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या आल्या. त्याच धांदलीत पाटलांनी अकोल्याजवळचं आपलं गाव सोडलं, शेत पुतण्याच्या हवाली केलं, बैलजोडी विकली आणि अमरावतीच्या पेठेत येऊन कापसाची दलाली सुरू केली. कापूस दोन अंगठ्यांत ओढून तो कुठल्या शिवारातला, हे ते डोळे मिटून सांगत. मात्र पेठेत बिऱ्हाड केलं त्याच दिवशी त्यांनी अंगणात दोन सागवानी खुंटे ठोकले होते. त्यांना बांधायला जनावर नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणत, "धोतर वाळवाले."

मी आलो तेव्हा लढाई संपली होती, भाव कोसळला होता आणि कॅम्पातल्या बंगल्यात राहणारा कापूसवाला साहेब आठ दिवसांत गाशा गुंडाळून निघाला होता. निघताना त्यानं आपला दांडगा कुत्रा पाटलांकडे आणला, पट्टा त्यांच्या हातात दिला आणि गाडीत बसून गेला. त्याला वाटलं असेल की नोकर येईपर्यंत हा म्हातारा कुत्रा धरील. पण पाटलांच्या मुलखात बैलाचा सौदा ठरला की विकणारा दावं घेणाऱ्याच्या हातात देतो, आणि तिथून जनावर त्याचं. "दावं हातात देल्लं नं, मास्तर? मंग झालं. आता याचं सुखदुख माह्यं." साहेबानं ठेवलेलं नाव पेठेत कुणालाच उच्चारता येईना. पाटलांनी त्याला गोऱ्या म्हणायला सुरुवात केली. कुत्रा रंगानं काळाकुट्ट होता.

हा गोऱ्या ओढायचा. दाराबाहेर पाऊल पडलं की मान खाली घालून तो असा निघायचा, की पाटील मागे फक्त पोचते व्हायचे. पहिल्या आठवड्यात साहेबाच्या चामडी पट्ट्यासकट त्यानं त्यांना एका उभ्या गाडीच्या चाकावर नेऊन आदळलं. समोरचा एक दात गेला. पाटील रक्त पुसत मला म्हणाले, "पाहा बरं, आता मी किती दाती झालो?"

पट्टा कुचकामाचा ठरला. मग पाटील खास अकोल्याला गेले, कारण तिथला एक लोहार त्यांच्या ओळखीचा होता. येताना त्यांनी अशी साखळी आणली, की ती आधी मला उचलून पाहावी लागली आणि दोन दिवस माझी कंबर धरली होती. साखळीचा खुळखुळाट ऐकून गोऱ्याला आणखीच चेव आला. पाटलांनी विचार केला आणि चूक स्वतःची असल्याचं कबूल केलं. घुंगरमाळ घातली की बैल जोरात चालतो, हे आपण विसरलोच कसे, म्हणाले.

यानंतरची युक्ती मात्र पेठेनं पुढे अनेक वर्षं सांगितली. पाटलांचं म्हणणं असं, की गळा आवळला म्हणून जनावर बावचळतं. त्याला भार खांद्यावर द्यावा. त्यांनी मोच्याकडून एक मऊ जोतं शिवून घेतलं. आत कापूस भरलेला, छातीवरून आडवा पट्टा, पाठीवर कडी. गोऱ्याला ते घातल्यावर तो खरंच शांत उभा राहिला. पेठ जमली होती. पाटलांनी कडीला कासरा बांधला, मनगटाला दोन वेढे दिले आणि माझ्याकडे पाहून मिशी पिळली.

साठ वर्षं बैल जुंपलेल्या माणसाला एवढं कळू नये, की खांद्याला आधार मिळाला की जनावर ओढण्यासाठीच जोर लावतं. गोऱ्याला आजवर गळा सांभाळून ओढावं लागत होतं. आता तो सगळ्या अंगानं ओढू लागला. पाटलांनी टाचा रोवल्या. पावसानं काळी माती लोण्यासारखी झालेली. मारुतीच्या देवळापासून विहिरीपर्यंत पाटील उभ्याच्या उभे घसरत गेले आणि रस्त्यात नांगरटीसारखे दोन सरळ तास पडले. कुणीतरी ओरडून विचारलं, पाटील, पेरणी कवा? विहिरीपाशी ते चिखलात बसले होते, मनगट सोललं होतं, आणि गोऱ्याकडे पाहत ते मला म्हणाले, "खांदा पाह्यला का? एक नंबर खांदा."

त्या दिवशी पाटलीणबाईंनी निर्णय दिला. एरवी त्या फार बोलत नसत. नवऱ्याच्या मनगटाला हळद लावताना त्या म्हणाल्या, की पोळ्याला अंजनगावहून माझा भाऊ यायचा आहे, त्याला मळ्यावर राखणीला कुत्रं पाहिजेच आहे. "तवरोक हे जनावर सरळ चाललं तं ठेवा. नाई तं त्याच्या गाडीत बसवा. तुमचं हाड मोडलं तं मी कोनाकडे पाहू?" पाटलांचा चेहरा एवढासा झाला.

पोळ्याला बारा दिवस होते. पाटलांनी दलालीकडे पाठ फिरवली आणि ओट्यावर बसून स्वतः सूत वळायला घेतलं. त्यातून म्होरकी तयार झाली, म्हणजे अवखळ खोंडाच्या तोंडाभोवती अडकवतात ती दोरी. तिचं टोक हनुवटीखालून हातात येतं. जनावर पुढे झेपावलं की त्याचं तोंडच आपल्याकडे वळतं, आणि तोंड वळलं की अंग वळतं. ही युक्ती चालली. गोऱ्यानं झेप घेतली की तो गर्रकन फिरून पाटलांसमोर उभा राही आणि दोघंही एकमेकांकडे आश्चर्यानं पाहत.

पण ओढणं थांबलं तसं त्याचं चालणंही थांबलं. तो रस्त्यात बसू लागला. नाक दोरीनं घासलं होतं. तो कॅम्पाकडे तोंड करून बसायचा आणि कितीही चुचकारलं तरी उठायचा नाही. मी मास्तरकी दाखवत म्हणालो, की आजवर त्यानं ज्या ज्या दिशेनं ओढलं ती एकच होती, साहेबाच्या बंगल्याची. पाटील खाली वाकले आणि त्याच्या नाकावरची दोरी सैल करून कॅम्पाकडे पाहत राहिले.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मेहुणे आपली गाडी घेऊन हजर झाले. संध्याकाळी घरोघरी खांदशेकणी चालू होती. वर्षभर जू वाहून दुखावलेले बैलांचे खांदे त्या दिवशी हळद-तुपानं चोळतात, शेकतात, आणि बैलांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण देतात. मी शाळेतून येताना पाटलांच्या अंगणात डोकावलो. दोन खुंट्यांच्या मधे गोऱ्या उभा होता. पाटील वाटीतलं कोमट तूप त्याच्या खांद्याला लावत होते, जोतं काचलं होतं तिथे. मग नाकाला. मग त्याच्या कानाशी वाकून म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मला पाहून ते दचकले नाहीत. तूप चोळत राहिले.

"बाशिंग्या न् कवड्या," ते म्हणाले. त्यांच्या विकलेल्या जोडीची नावं मी तेव्हा प्रथम ऐकली. "अकोल्याच्या मानसाले देल्ले. दावं मीच हातात देल्लं. आठव्या दिवशी त्याची गाडी घेऊन परत आले दोघं. पाच कोस. दारात उभे राह्यले. पुतन्यानं सांगतलं, दिवसभर हालले नाईत. अन् मी घराले कुलूप लावून इकडे आलतो, मास्तर."

त्यांचे डोळे वाहत होते आणि त्यांनी ते पुसले नाहीत. मग ते म्हणाले, "हे ओढून नाई राह्यलं. घरी जाऊन राह्यलं. याले रिकामं घर कोनी दाखवलंच नाई."

पोळ्याच्या सकाळी आम्ही तिघं निघालो. पाटलांनी म्होरकी काढून टाकली आणि गळ्यात नुसतं सुताचं दावं बांधलं. कॅम्पापर्यंत गोऱ्यानं आम्हाला पळवलं, अडवण्याचा प्रयत्नच पाटलांनी केला नाही. अधू गुडघ्यानं ते धावत होते आणि धापा टाकत "चाल, चाल" म्हणत होते. बंगल्याच्या माळ्यानं दार उघडलं. गोऱ्यानं प्रत्येक खोली हुंगली, भिंतीवरच्या एका रिकाम्या खिळ्याखालची जागा हुंगली, परत पहिल्या खोलीत गेला. मग व्हरांड्यात येऊन आडवा झाला. पाटील त्याच्या शेजारी पायरीवर बसून राहिले. ऊन चांगलं वर आलं तेव्हा ते उठले आणि मागं न पाहता चालू लागले. पाचसहा पावलांवर गोऱ्या त्यांच्या बाजूला आला. दावं दोघांच्या मधे इतकं सैल होतं, की ते जमिनीला लागत होतं.

घराशी मेहुण्यांची गाडी तयार उभी होती. खाली गवत अंथरलं होतं, वर दोरी टाकली होती. मेहुण्यांनी दाव्याला हात घातला. पाटील काही बोलणार एवढ्यात पाटलीणबाई ओवाळायचं ताट घेऊन बाहेर आल्या. घरात बैल नसताना त्यांनी ताट कधी केलं होतं कुणास ठाऊक. त्यांनी गोऱ्याच्या पायांवर पाणी घातलं, त्याच्या काळ्या कपाळावर कुंकू लावलं आणि भावाला शांतपणे म्हणाल्या, "काल याले आवतन देल्लं यायनं. मी ऐकलं. आवतन देल्लेलं जनावर तुह्या गाडीत कसं बसवू? सोड त्याचं दावं."

मेहुण्यांनी सोडलं. मग आम्ही सगळे जेवायला बसलो, आणि पुरणपोळीची पानं पाटलांनी आधी अंगणात मांडली. तीन मांडली. एक गोऱ्यापुढे, आणि एकेक त्या दोन खुंट्यांपुढे.