उकळलेले जंतू

"अहो, मेले ना सगळे जंतू!" आशालता ओट्यापाशी कपाळाला हात लावून उभी होती.

"मग बरंच झालं की," आत्माराम म्हणाला. त्याच्या हातात सांडशी, पुढ्यात फाटलेल्या दुधाचं पातेलं.

शुक्रवारी आशालता सांगलीला बहिणीकडे निघणार होती. चार दिवस, एकटी. याआधी दरवेळी तिची बॅग भरली, की नवऱ्याचं पोट बिघडायचं आणि बॅग परत माळ्यावर जायची. त्यात यंदा बिल्डिंगला टँकरचं पाणी. म्हणून ती आधीच डॉक्टरांना विचारून आली.

"पाणी उकळून द्या," डॉक्टर म्हणाले, "आणि ते आंबवलेलं दूध मिळतं ना हल्ली, छोट्या बाटल्यांतलं, ते रोज द्या. त्यातल्या चांगल्या जंतूंमुळे आतड्यांच्या संसर्गाला अटकाव होऊ शकतो. होईलच असं नाही."

ती माणिकपूरहून बाटल्या घेऊन आली. डॉक्टरांच्या सांगण्यातलं आत्मारामच्या डोक्यात तेवढं उकळणं राहिलं होतं. त्याने बाटल्या पातेल्यात ओतल्या आणि गॅस पेटवला.

"जिवंत जंतूच तर प्यायचे होते!"

"जिवंत?" आत्माराम खुर्चीत बसला. "आत जाऊन करणार काय ते?"

"टँकर यायच्या आधी आपण हंडे लावून नंबर धरतो ना, तसं. हे आधी जाऊन बसले, की वाईट जंतूंना जागा मिळत नाही."

"आणि भांडणं झाली तर? टँकरवर होतात तशी?"

"होऊ देत! आतल्या आत होऊ देत!"

स्वतःच्या स्वयंपाकघरावरचा विश्वास उडाल्यामुळे नव्या बाटल्या तिने शेजारच्या आग्नेसच्या फ्रिजमध्ये ठेवल्या. आत्माराम आता शहाण्यासारखा रोज एक पिऊ लागला. पण त्याला पोटातल्या पाहुण्यांची काळजी लागली. गरम चहा नको, "भाजतील बिचारे." आमटी निववून, भात निववून. ऐन जेवणाच्या वेळी लोडशेडिंग, म्हणून आशालता ताटाला पुठ्ठ्याने वारा घालत बसलेली.

"आशाताई," बाटली द्यायला आलेली आग्नेस म्हणाली, "माझ्या बाळंतपणात पण माझी एवढी काळजी कोणी केली नाय हां!"

"तू बाटली दे, आग्नेस. हसू नकोस."

शुक्रवार उजाडला.

"पोट कसंय?" आशालताने श्वास रोखून विचारलं.

"एकदम शांत. कुरकूरसुद्धा नाही."

तिची बॅग पहिल्यांदाच दारापर्यंत पोचली. तिथे आधीच एक बॅग उभी होती.

"ही कोणाची?"

"माझी!" आत्मारामचा चेहरा नुसता फुलला होता. "दरवेळी या पोटापायी तुला एकटीला जायची वेळ यायची, तीही हुकायची. आता काय अडचण? तुझ्या शेजारचीच सीट काढलीय. बाटल्या बर्फात घेतल्यात. फक्त वाटेत मला चहाचा आग्रह करू नकोस. जरा पाणी दे गं, मग निघू."

आशालताने उकळून निववलेल्या पाण्याच्या कळशीकडे पाहिलं. मग कळशीशेजारच्या, टँकरच्या न उकळलेल्या पाण्याच्या पिंपाकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं.

मग मुकाट्याने कळशीतूनच पेला भरला.