नेहमीचाच खोकला

दुर्मिळ रोग दुर्मिळच राहील याची काळजी वैद्यकशास्त्राला घ्यावी लागते. तो उठसूट सापडू लागला, तर त्याला दुर्मिळ कोण म्हणणार?

श्वासनलिकेच्या एका आनुवंशिक रोगाबाबत छातीच्या दवाखान्याने ही काळजी डोळ्यांत तेल घालून घेतली होती. श्वासनलिकेत बारीक तंतू असतात आणि कफ बाहेर ढकलणं हे त्यांचं काम. या रोगात ते जन्मापासून रजेवर असतात (भरपगारी). खरी तपासणी महागडी, म्हणून दवाखान्याच्या समितीने आधी एक गुणतक्ता केला. पाच गुण मिळाले तरच त्या तपासणीची चिठ्ठी. हजारो मुलं तक्त्यातून गेली, पण पाच गुण कोणालाच पडले नाहीत. रोग किती दुर्मिळ आणि तक्ता किती अचूक, हे दोन्ही एका दमात सिद्ध झालं.

या तक्त्यासमोर एक शिवणकाम करणारी बाई लेकीला घेऊन बसली. लेकीला शाळेत ‘घुरघुरी’ म्हणत. आईला चिठ्ठी हवी होती, कारण लेकीची आत्या लहानपणी अशीच खोकायची आणि आता नाकात नळी असल्याशिवाय तिला जिना चढवत नव्हता.

तरुण डॉक्टरांनी पहिला प्रश्न वाचला. “खोकला नेहमीपेक्षा वेगळा वाटतो का?”

आई खोटं बोलणाऱ्यांतली नव्हती. “नाही हो, नेहमीचाच. जन्मल्यापासून आहे.”

शून्य.

“घरात आणखी कोणाला?”

“हिच्या बाबांना, आत्याला. आजोबांनाही होता.”

“म्हणजे घरातली सवयच आहे,” डॉक्टर समजुतीने म्हणाले. (सवयीला एक गुण वजा.)

घुरघुरी खोकू लागली. डॉक्टर थांबले. त्या आवाजात पुढचा प्रश्न ऐकू गेला नसता.

औषधाची बाटली मिळाली. वर्षभरात लेकीला एका कानाने ऐकू येईनासं झालं (कानातले तंतूही रजेवरच होते). आई पुन्हा गेली, या वेळी उत्तर घोकून. “वेगळा आहे डॉक्टर, अगदी वेगळा.”

डॉक्टरांनी जुना कागद काढला. “मागे तर नेहमीचाच म्हणाला होतात, ताई.”

प्रकरण समितीपुढे गेलं. समितीला फार वाईट वाटलं. चहा झाल्यावर एकमताने ठरलं, की तक्ता निर्दोष आहे, बाईनेच पहिल्या वेळी नीट सांगायला हवं होतं.

वाचताना हे तुमच्याही मनात येऊन गेलं असेल, तर कळवा. समितीत एक जागा रिकामी आहे.