तृप्तीची नोंद जेवणाआधी

लग्नाला चाळीस वर्षं पूर्ण झाली त्या रविवारी, दुपारी साडेबाराच्या सुमारास, किल्लीकाका आपल्या बायकोला घेऊन मोठ्या हॉटेलात जेवायला गेले. वरवर पाहता यात बेकायदेशीर काहीच नव्हतं.

काकांचा धंदा कुलपं दुरुस्त करण्याचा. हरवलेल्या किल्ल्या, अडकलेली दारं आणि हट्टाला पेटलेल्या तिजोऱ्या यांतच त्यांचा जन्म गेला, म्हणून अख्खी गल्ली त्यांना किल्लीकाका म्हणे आणि त्यांच्या बायकोला, ओघानंच, काकू. काकूंनी चाळीस वर्षांत एकदाच काहीतरी मागितलं होतं, तेही काकांनी फारच खोदून विचारलं तेव्हा.

"एकदा तरी मी बसलेय, दुसरं कुणीतरी वाढतंय आणि पहिल्या घासाची वाफ माझ्या तोंडावर येतेय, असं जेवायचंय. माझ्या वाट्याला आजवर निवलेलंच आलंय."

"त्यात काय एवढं!" काका म्हणाले होते. जगातल्या निम्म्या भानगडी या तीन शब्दांनी सुरू होतात.

हॉटेल भारदस्त होतं. दार आपोआप उघडलं, तेव्हा काकांना धंद्याच्या दृष्टीनं जरा वाईट वाटलं. टेबलावरच्या कापडाला एवढी खळ होती की त्यावर कोपर टेकवायला परवानगी लागेल असं वाटावं. पिकल्या मिशांचा एक वेटर, नुकताच कुणाला तरी पोचवून आल्यासारखा चेहरा करून, अदबीनं उभा राहिला. काकूंनी सूप मागवलं. "गरम हं," असं दोनदा सांगितलं. वेटरनं दोनदा मान झुकवली आणि पाच मिनिटांनी परतला. हातात सूप नव्हतं. एक फळी होती, तिला चिमट्यानं कागद लावला होता.

"आपलं समाधान भरून द्या, साहेब."

"कसलं समाधान?"

"जेवणाचं."

"जेवण कुठंय?"

"ते समाधानानंतर."

काकांनी आजूबाजूला पाहिलं. प्रत्येक टेबलावर माणसं कागदाकडे न बघता सपासप खुणा करत होती, खाली सही ठोकत होती आणि पुन्हा आपापल्या फोनमध्ये डोकं घालत होती. काकांना ते जमणारं नव्हतं. त्यांना अक्षरओळख झाली बासष्टाव्या वर्षी, नातीकडून. तिनं पाटीवर पहिलं अक्षर गिरवून घेतलं त्याच दिवशी दम भरला होता, "आजोबा, न वाचता सही करायची नाही आणि खोटं लिहायचं नाही. नाहीतर मी शिकवणार नाही." ज्यांना लहानपणीच अक्षरं फुकट मिळाली, ते ती उधळतात. काकांनी एकेक अक्षर जुन्या कुलपासारखं तेल घालून, कान लावून उघडलं होतं. त्यांनी चष्मा चढवला आणि पत्रक बोटानं वाचायला घेतलं.

पहिला प्रश्न होता: सूप कसं होतं? पर्याय तीन. गरम. फार गरम. अविस्मरणीय गरम.

काकांनी विचार केला आणि बाजूच्या कोऱ्या जागेत सुवाच्य अक्षरात लिहिलं: अजून आलेलं नाही.

वेटरचा चेहरा उतरला. "साहेब," तो डॉक्टरनं नातेवाइकांना बाजूला घेऊन बोलावं तशा आवाजात म्हणाला, "तुम्ही रकान्याबाहेर लिहिलंत."

"खरं ते लिहिलं."

"खऱ्याला रकाना नाही, साहेब. आता वरच्यांना बोलवावं लागेल."

मॅनेजर आला. टायच्या गाठीला लटकवून ठेवल्यासारखा दिसणारा बारीक माणूस. त्यानं सारं शांतपणे समजावून सांगितलं. पूर्वी हे पत्रक जेवणानंतर देत असत. लोक वाट्टेल ते लिहीत. वरून ताशेरे आले. मग समिती बसली. समितीनं सात महिने अभ्यास केला आणि असं निदान केलं की झाडून सगळ्या तक्रारी जेवल्यानंतरच उद्भवतात. जेवणाआधी तक्रार करणारा ग्राहक एकही सापडला नाही.

"तेव्हापासून आमचं समाधान शंभर टक्के आहे," मॅनेजर नम्रपणे म्हणाला.

"आणि सूप?"

"सुपाबद्दल समितीला विचारलं नव्हतं."

"मग माझी तक्रार लिहून घ्या."

"आनंदानं. असमाधानाचा अर्ज दोन प्रतींत भरायचा आणि सोबत असमाधानकारक पदार्थाचा नमुना जोडायचा."

"द्या नमुना."

"समाधान नोंदल्याशिवाय पदार्थ कसा देणार, काका? तुम्हीच सांगा."

काकांनी उभ्या आयुष्यात नाना तऱ्हेची कुलपं पाहिली होती, पण ज्याची किल्ली त्याच्याच आत ठेवून ते बाहेरून लावलंय असं कुलूप ते पहिल्यांदाच पाहत होते.

तेवढ्यात सूप आलं. मुदपाकखान्याचा नियम वेगळा होता: मागवलेलं नऊ मिनिटांत बाहेर पडलंच पाहिजे. कुठे पडायचं ते नियमात नव्हतं. म्हणून ते शेजारच्या लहान टेबलावर, काकूंपासून तीन हातांवर ठेवण्यात आलं. पांढरा वाडगा, आणि त्यातून सरळ वर जाणारी जाडजूड वाफ. काकूंनी नकळत हात पुढे केला.

"हात नका लावू, ताई," वेटर कळवळून म्हणाला. "ते अजून तुमचं झालेलं नाही."

"मग कुणाचं आहे?"

"प्रलंबित आहे."

काकू वाफेकडे बघत बसल्या. मघाशी दोरखंडाएवढी असलेली वाफ आता सुतळीएवढी झाली होती.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "मारा ना एकदाच्या खुणा."

"खोट्या? अगं, नातीला काय सांगू? खोटं लिहायला शिकलो का मी अक्षरं?"

"नाही हो. पण मला इथं कशाला आणलंत? तुमचं अक्षर दाखवायला?"

वाफेचा आता दोरा झाला होता. काकांनी एकदा त्या दोऱ्याकडे पाहिलं, एकदा बायकोच्या तोंडाकडे, आणि पेन उचललं. पण रकान्याबाहेर लिहिलेलं पत्रक बाद असतं, असं मॅनेजरनं सांगितलं. नवं पत्रक वरच्या मजल्यावरून आणावं लागलं. ते आल्यावर काकांनी चौदाच्या चौदा प्रश्नांवर खोट्या खुणा केल्या, पण सवय जाईना म्हणून प्रत्येक प्रश्न वाचून केल्या. मग सही. मग मॅनेजरचा शिक्का. शिक्का शाईअभावी दोनदा फुका उठला.

शेवटी सूप अधिकृतपणे काकूंचं झालं. त्यावर साय धरली होती. काकूंनी चमचा ओठांना लावला आणि खाली ठेवला.

"गार आहे!" काका कडाडले.

मॅनेजरनं पत्रक त्यांच्यासमोर धरलं. "अविस्मरणीय गरम. खाली सही आपलीच ना? फार सुरेख आहे."

पलीकडच्या टेबलावर एक सुटाबुटातले गृहस्थ सायीचं सूप हसतमुखानं गिळत होते. काकांनी त्यांना साक्षीला घेतलं. "तुमचंही गारच आहे ना हो?"

"हळू बोला," गृहस्थ ओठ न हलवता म्हणाले. "मी अविस्मरणीय दिलंय. आता कुठल्या तोंडानं बोलू?"

पुढच्या प्रत्येक पदार्थाला स्वतंत्र पत्रक आहे हे कळल्यावर काका उठले. जाता जाता दारात त्यांचा फोटो काढण्यात आला. त्या महिन्याचं सर्वांत तृप्त जोडपं म्हणून तो आजही तिथे भिंतीवर आहे. फोटोत दोघांच्या चेहऱ्यावर भूक स्पष्ट दिसते, पण खालची पाटी वाचली की ती दिसेनाशी होते.

घरी पोचायला तीन वाजले. काकूंनी हात धुतले, भात टाकला, भाजी परतली आणि काकांना वाढलं. ताटातून वाफ येत होती. काका जेवता जेवता हॉटेलवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. मधेच थांबून म्हणाले, "मीठ जरा कमी पडलंय." आणि पुन्हा उद्धाराला लागले.

त्यांचं आटोपल्यावर काकू आपलं ताट घेऊन बसल्या. भाताचे गोळे झाले होते, भाजीवर तेल थिजलं होतं.

"काय माणसं असतात!" काका म्हणाले. "आधी समाधान लिहून घेतात, मग गार वाढतात! ऐकलंयस कधी?"

"ऐकलंय की," काकू घास कालवत म्हणाल्या. "माझ्याकडून अठराव्या वर्षीच घेतलं होतं. लग्नाच्या दिवशी सगळ्यांनी विचारलं, सुखी आहेस ना? मी मान हलवली. जेवण मागून आलं."

काकांनी खरकट्या बोटांकडे पाहिलं. मग हात धुऊन आले, काकूंच्या पुढचं ताट उचललं आणि म्हणाले, "बस. मी गरम करून देतो."

ते ओट्यापाशी गेले. भात पातेल्यात घातला, पातेलं शेगडीवर ठेवलं, आणि तिथेच अडकले. तीन खण उघडले, चार डबे उघडले. कुठलंही कुलूप पाच मिनिटांत उघडणारा हा माणूस, जिथे एकाही वस्तूला कुलूप नाही अशा खोलीत घामाघूम झाला.

"अगं, काडेपेटी कुठे असते?"

काकू उठल्या नाहीत. "रकान्याबाहेरचं विचारू नका," त्या म्हणाल्या.

काडेपेटी अकराव्या मिनिटाला सापडली. शेगडीच्या शेजारीच होती. भात खालून करपला, पण वाढला तेव्हा वाफ निघत होती, आणि काकू बसलेल्या होत्या. त्यांनी ताटावर तोंड धरलं, डोळे मिटले.

"कसा झालाय?" काकांनी उभ्या उभ्याच अधीरपणे विचारलं.

"आधी खाऊ द्या," काकू म्हणाल्या.

हे प्रकरण एवढ्यावर मिटवण्यात आलं आहे. ज्या वाचकांना काकांचं हसू आलं असेल त्यांनी आपल्या घरातली काडेपेटी कुठे असते ते सांगावं. बसल्या जागेवरून, आत हाक न मारता.