खोटं वाटलेलं स्वयंपाकघर

कमी खर्चाचे चित्रपट पाहावेत तर माझ्यासारख्याने! पस्तीस वर्षांच्या साधनेनंतर, पडद्यावरच्या भिंतीला आलेली ओल खरी की रंगाऱ्याने काढलेली, हे मी शेवटच्या रांगेतून सांगू शकतो. आमच्या चित्रपट मंडळाच्या निवड समितीत माझ्या मताला वजन आहे ते उगाच नाही!

दरवर्षी आम्ही एका नवख्या दिग्दर्शकाचा चित्रपट निवडून मोठ्या पडद्यावर दाखवतो. वशिला नको म्हणून नावं झाकलेली असतात. परवा शेवटचा चित्रपट पाहायला, कधी नव्हे ती, बायकोही आली. उशिरा का होईना, अभिरुची जागी झाली, असं मी मनात म्हटलं.

चित्रपट जवळजवळ सगळा एकाच स्वयंपाकघरात घडत होता. दोन मतं बाजूने पडली, दोन विरोधात. व्यवसायाने दंतवैद्य असलेले अध्यक्ष माझ्याकडे वळले.

"बोला, आता सगळं तुमच्यावर आलंय."

मी घसा खाकरला. "अभिनय उत्तम! पण स्वयंपाकघर धडधडीत खोटं! गळक्या नळाला चिंधी, कपाटाच्या दाराला सुतळी, फुटक्या काचेवर जुनं कॅलेंडर! इतका बटबटीतपणा? असल्या खोलीत माणूस दोन दिवस टिकायचा नाही! माझं मत विरोधात."

"मी सव्वीस वर्षं टिकले आहे," मागून आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. मी पाहिलं नाही. आवाज ओळखीचा होता.

"अहो, ती चिंधी तुम्हीच बांधलीत. 'उद्या प्लंबरला बोलावतो' म्हणालात, त्याला आठ महिने झाले!"

"पण... हे चित्रण झालं कधी?"

"तुम्ही महोत्सवात लोकांची स्वयंपाकघरं बघायला गेला होतात ना, तेव्हा! माझ्या भाचीचा चित्रपट आहे हा. पोरीने दोन वर्षं रजा साठवून केलाय. आज नाकारलात, तर पुन्हा कॅमेऱ्याला हात लावणार नाही म्हणते."

"हा तर वशिला झाला!" एक सदस्य ओरडले.

"वशिला? नवऱ्याने विरोधात मत दिलंय की!"

अध्यक्षांनी इतिवृत्ताची वही पुढे ओढली. ते म्हणाले, "मत बदलता येतं. पण कारण इतिवृत्तात नोंदवावं लागेल."

मी ओशाळून उभा राहिलो. "चित्रपट खरा आहे. इतका खरा, की मलाच ओळखू आला नाही. माझं मत बाजूने."

दात काढताना घेत असतील तेवढाच वेळ घेऊन अध्यक्षांनी लिहिलं आणि मोठ्याने वाचलं, "'सदस्यांनी स्वतःचे स्वयंपाकघर प्रथमच पाहिल्यामुळे मत बदलले.' बरोबर?"

"बरोबर."

"मंजूर असेल तर हात वर करा."

पाचही हात वर गेले. पोरीचा चित्रपट मोठ्या पडद्यावर लागणार हे ठरलं! बायकोला मताचा अधिकार नव्हता. तिने दोन्ही हात वर केले होते!