डॉक्टर मगदुमांच्या जीपची वाफ

डॉक्टर मगदुमांच्या जीपमधून उडालेली पेट्रोलची वाफ समोरच्या रेणुकेकाकूंच्या माडीवर कित्येक वर्षं भाड्याने राहत होती, आणि ही गोष्ट एक डॉक्टर सोडले तर सगळ्या शनिवार गल्लीला माहीत होती.

शिवलिंग मगदूम हे जनावरांचे डॉक्टर. तालुक्यातली निम्मी दुभती जनावरं त्यांच्या हाताखालून गेलेली. त्यांची जीप जुन्या घडणीची, टाकीच्या झाकणाला बारीक भोक असलेली. ऊन चढलं की टाकीतलं थोडं पेट्रोल उडून जायचं. उडालेलं पेट्रोल पुढे काय करतं, हा प्रश्न माणसाला पडत नाही. डॉक्टरांनाही पडला नव्हता.

वाफ भाडेकरू म्हणून चांगली होती. पाणी वापरायची नाही, पाहुणे आणायची नाही. काडी ओढू नका, एवढंच तिचं मागणं होतं, म्हणून काकूंनी देवापुढे विजेचा दिवा लावला होता. पुढे गल्लीने तिला पर्यावरण मंडळाची अध्यक्ष केली. बैठकीत ती शेजारी येऊन बसली की थोड्या वेळाने सगळ्यांची डोकी हलकी व्हायची आणि कुठलाही ठराव एकमताने मंजूर व्हायचा. असा अध्यक्ष गल्लीला आधी कधी लाभला नव्हता.

मग जीपच्या इंजिनाने मान टाकली. बापू मिस्त्रीने ट्रकखाली चेपलेल्या एका नव्या मोटारीचं इंजिन आणून तिच्यात बसवलं. जीप वासरासारखी उधळू लागली. डॉक्टर खुशीत ती परिवहन कार्यालयात पासिंगला घेऊन गेले आणि तिथे घोडं अडलं.

निरीक्षक पाटोळेबाईंनी त्यांना शांतपणे समजावलं. गाडी जुनी असली तरी इंजिन नवं आहे, आणि नियम इंजिनाच्या वयाचा लागतो. या इंजिनाच्या पिढीत वाफेला घराबाहेर पडायची मुभा नाही. टाकीचं झाकण घट्ट हवं, वाफ नळीने कोळशाच्या डब्यात जायला हवी, आणि गाडी चालू असताना तिथून इंजिनात जाऊन जळायला हवी.

बापूने त्याच चेपलेल्या मोटारीचा डबा काढून आणला, नळ्या जोडल्या, झडप बसवली. पाटोळेबाईंनी डबा हुंगला.

"डबा आहे," त्या म्हणाल्या. "वाफ कुठाय?"

ती रेणुकेकाकूंच्या माडीवर असते, असं बापूने सांगितलं. डॉक्टरांना ते तेव्हा कळलं. टाकीत दुसरी वाफ होईल की, असं ते म्हणाले. पण थोरली बाहेर असताना धाकट्या जागच्या हलत नाहीत, हे बाईंना अनुभवाने ठाऊक होतं. थोरलीला घरी आणा, मग पासिंग, असं सांगून त्यांनी जीप अडवून ठेवली.

डॉक्टर एसटीने फिरू लागले. त्याच आठवड्यात आरगच्या आदगोंडा पाटलांचा निरोप आला की म्हैस विताना अडली आहे. एसटी वाटेत पंक्चर झाली. डॉक्टर पोचले तेव्हा रेडकू गेलेलं होतं. म्हैस तेवढी त्यांनी वाचवली. आदगोंडांनी हात धुवायला गरम पाणी दिलं, चहा दिला आणि म्हणाले, "म्हस राहिली, ते काय कमी हाय व्हय." त्यांचा आवाज इतका समजूतदार होता की डॉक्टर फी न मागताच उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते माडी चढले. दारातच त्यांचं डोकं गरगरलं. वाफ खिडकीपाशी होती. तिने त्यांना बसायला सांगितलं आणि येण्याचं कारण विचारलं. डॉक्टरांनी डब्याचं सगळं सांगितलं.

"डबा अरुंद आहे म्हणून माझी काही तक्रार नाही," वाफ म्हणाली. "डब्याच्या पुढच्या नळीचं बोला."

"पुढे इंजिन आहे."

"आणि इंजिनात?"

मुक्या जनावरांना सुई टोचताना डॉक्टर वर्षानुवर्षं 'काही नाही, काही नाही' म्हणत आले होते. इथे ते शब्द ओठांवर येईनात. "जळावं लागतं," ते म्हणाले.

"म्हणजे तुम्ही मला बोलवायला आला नाहीत, डॉक्टर. न्यायला आलात."

डॉक्टरांनी मग आरगच्या रेडकाची हकीकत सांगितली. वाफ खिडकीपासून सरकून त्यांच्याजवळ आली. त्यांना वाटलं, तिला पाझर फुटला.

"फार वाईट झालं," ती म्हणाली. "मंडळातर्फे आपण श्रद्धांजली ठेवू."

श्रद्धांजली झाली. तिथेच वाफेला हात लावू न देण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. गल्लीने कार्यालयावर मोर्चा नेला. 'आमची वाफ, आमचा श्वास' असा फलक धरून माणसं खोकत खोकत घोषणा देत होती. रेणुकेकाकू सगळ्यांत पुढे होत्या. त्यांना वर्षानुवर्षांची अर्धशिशी होती, पण माडीवर सोबत असल्यामुळे ती सहन होते, असं त्यांनी साहेबांना सांगितलं.

कार्यालयाने विचार केला आणि तोडगा काढला. वाफ डब्यात येत नसेल तर डबा वाफेकडे नेता येतो. डबा माडीवर ठेवण्यात आला. जीप घरासमोर उभी करून तिच्या टाकीपासून एक नळी गल्लीवरून खिडकीत नेली आणि दुसरी खिडकीतून इंजिनापर्यंत आणली. झडप तर इंजिन चालू असतानाच उघडते. तेव्हा वाफ जळू नये म्हणून इंजिन चालू करायचं नाही, अशी एकच अट घातली. पाटोळेबाईंनी सगळी जोडणी तपासली. सगळं नियमात बसलं. जीप पास झाली.

"मग मी चालवायची कशी?" डॉक्टरांनी विचारलं.

"चालवण्याचा विषय आमच्याकडे येत नाही, डॉक्टर," बाई म्हणाल्या. "आमच्याकडे पासिंगचा विषय आहे."

त्या वर्षी जिल्ह्यातलं सर्वांत स्वच्छ वाहन म्हणून मंडळाने जीपचा सत्कार केला. बॉनेटवर शाल घातली. वाफेने अध्यक्षीय भाषण केलं आणि लोक पेंगुळल्या डोळ्यांनी टाळ्या वाजवत राहिले. डॉक्टरही वाजवत होते. थांबायचं कधी, ते त्यांना उमजत नव्हतं.

आता जनावरंच जीपकडे येतात. ज्यांना आणणं परवडतं त्यांची येतात. बाकीच्यांचं डॉक्टर विचारत नाहीत. सकाळी ते सवयीने स्टिअरिंगमागे जाऊन बसतात आणि म्हैस दिसली की उतरतात.

परवा आदगोंडा गाभण म्हैस टेम्पोतून घेऊन आले. टेम्पो चुलीसारखा काळा धूर ओकत होता, पण त्याचं इंजिन मूळचं असल्याने त्याला कुणी अडवत नाही. वाफेने खिडकीतून सांगितलं की टेम्पो बंद करा, डोकं दुखतं. आदगोंडांनी हात जोडले आणि टेम्पो बंद केला.

डॉक्टरांनी बाह्या सरसावल्या. भर दुपारी, खिडकीच्या बरोबर खाली, म्हैस सुखरूप मोकळी झाली. रेडकू थरथरत चार पायांवर उभं राहिलं. त्याने नाक वर करून हवा घेतली, ते दोनदा शिंकलं, आणि मग त्यालाही बरं वाटू लागलं.