वेदरलींचा कुलवृत्तांत

आमचे शेजारी सबनीसकाका इंग्रजांच्या कबरींपुढे जाताना बूट काढतात. फाटकाशी बूट, आणि मग ओल्या गवतातून नुसत्या मोज्यांवर. "अहो काका, न्यूमोनिया होईल," असं मी म्हटलं की उत्तर ठरलेलं: "मीनल, थोरामोठ्यांकडे कोणी बूट घालून आत जातं का?"

काका इथे इंग्लंडमध्ये, लंडनजवळच्या स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटीतल्या एका कारखान्यात इंजिनियर होते. आता रिटायर्ड. काकू तीन वर्षांपूर्वी गेल्या. मुलगी ग्लासगोला डॉक्टर आहे. ती फोनवर त्यांच्या ब्लडप्रेशरची चौकशी करते, आणि तेवढीच करते. भेटेल त्याला काकांचा पहिला प्रश्न एकच असतो: "मूळचे कुठले?" पोस्टमनला विचारून झालं. बॉयलर दुरुस्त करायला आलेल्या पोलिश माणसाला विचारलं, तर तो बिचारा पासपोर्ट आणायला व्हॅनकडे निघाला.

एकदा काका वॉकिंग ग्रुपबरोबर खेड्याकडे गेले आणि सवयीप्रमाणे चुकले. एका शेताच्या कोपऱ्यात, जुनाट झाडाखाली, त्यांना आठ-दहा झिजलेले दगड दिसले. सगळ्यांवर आडनाव एकच, वेदरली. झालं! काकांनी वेदरलींचा कुलवृत्तांत लिहायला घेतला. गावातल्या म्हाताऱ्यांना केक खिलवून खिलवून माहिती काढली. मूळ पुरुष थॉमस. त्याने झाडी तोडून इथली जमीन पहिल्यांदा नांगराखाली आणली. पुढे त्याचं चर्चच्या पाद्र्याशी वाजलं, म्हणून घरातलं माणूस गेलं की तो आपल्याच शेतात पुरू लागला.

"बघ, भांडणाशिवाय कुळ सुरूच होत नाही!" काका हे अशा अभिमानाने सांगतात की थॉमस त्यांचा चुलतपणजोबा वाटावा. गोत्र तेवढं सापडत नव्हतं, ही एकच खंत. दर रविवारी ते तिथे जायचे, दगडांवरचं शेवाळ ब्रशने काढायचे आणि तासन् तास बसायचे. हल्ली नजर अधू झाल्यामुळे गाडी मी चालवते.

यंदा उन्हाळ्यात ते शेत विकलं गेलं. नवा मालक माणूस सभ्य, पण परक्यांची ये-जा त्याला नको होती. तो फाटकाला कुलूप लावणार होता. घराण्यातलं कोणी आलं तर त्याला किल्ली देईन, म्हणाला. काकांचं जेवणावरचं लक्षच उडालं.

"अगं, वंशात कोणीतरी उरलं असेलच की!"

मग इंटरनेटवर सापडेल त्या वेदरलीला फोन सुरू झाले. "हॅलो, सबनीस बोलतोय, स्लाऊहून. तुमच्या पूर्वजांच्या जमिनीसंबंधी बोलायचं होतं." आपल्या उच्चारात एवढं ऐकल्यावर कुठला इंग्रज फोन चालू ठेवील? एकाने ठणकावलं, बँकेचा नंबर मिळणार नाही! काका म्हणाले, "बँक राहू द्या हो, आजोबांचं नाव सांगा." फोन बंद.

शेवटी रेडिंगची जोन वेदरली सापडली. शाळेच्या कँटीनमधून रिटायर झालेली, एकटी राहणारी. तिने फोन ठेवला नाही. उलट काकांनाच तासभर बोलत ठेवलं. यायचं कबूल केलं. दिवस अर्थातच काकांनी काढला, सर्वपित्री अमावास्येचा.

डब्यात वडे आणि खीर बघून मी म्हटलं, "काका, ही माणसं ख्रिश्चन होती."

"असू देत. पण इतकी वर्षं कोणी जेवायला घातलंय का त्यांना?"

दगडी भिंतीवर केळीचं पान मांडलं. आम्ही तिघं कावळ्याची वाट बघत उभे राहिलो. समोरच्या झाडावर ढीगभर कावळे होते, एक हलेल तर शपथ. जोनने हळूच विचारलं, कोण यायचंय? मी समजावत होते, तेवढ्यात आभाळातून एक तांबूस घार सूर मारून आली आणि वडा घेऊन गेली.

काकांनी उडत्या घारीला हात जोडले. मग म्हणाले, "चालेल. देश तसा वेश."

मी भाषांतर केलं तशी जोन डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. हसू ओसरल्यावर तिने सहज विचारलं, "आणि तुमच्या मिसेस कुठे आहेत?"

काका दगडाकडेच बघत राहिले. "समुद्रात. अस्थी मीच सोडल्या, शास्त्राप्रमाणे. तेव्हा बरं वाटलं, सुटली म्हणून. पण रविवारी सकाळी अंघोळ करून, कपडे करून बसतो, आणि जायचं कुठे ते कळत नाही. इथे निदान कोणाचं तरी नाव लिहिलेलं आहे."

जोन वाकून दगडावरचं नाव वाचू लागली.

तेवढ्यात मालक आला आणि त्याने जोनपुढे किल्ली धरली. तिने ती घेतली नाही. म्हणाली, "ह्यांना द्या."

काका गडबडले. "नो, नो! मी घराण्यातला नाही. किल्ली घराण्यातल्या माणसासाठी आहे."

"माझ्या घराण्यातल्या कोणाचा मला कधी फोन आल्याचं आठवत नाही," जोन म्हणाली. "आला तो तुमचाच."

काकांनी उजवा हात पुढे केला, खाली डावा, तीर्थाला धरतो तसा. परत निघताना गाडीत बेल्ट लावायलासुद्धा त्यांनी ती मूठ उघडली नाही. शेवटी मीच लावून दिला.